सोलापूरची पेटी, सुदानचा कापूस

उस्मानभाईंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. सुदान देशातले उस्मानभाई इद्रीस. ते सोलापुरात शिकायला आले नसते, तर मी आज भवानी पेठेतल्या या कारखान्यात बसलेला नसतो. कुठंतरी हमाली करत असतो, नाहीतर गावी परत गेलो असतो. आणि गावी काही नाही म्हणून तर मी इतक्या लांब आलो. दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. आठवीत शाळा सुटलेला माणूस काय लिहिणार? मग वाटलं, छापून आलं तर त्यांचं नाव छापून येईल. तेवढ्यासाठी लिहायला बसलोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं गाव सिरोंच्याकडचं, महाराष्ट्राच्या पार टोकाला. नदी ओलांडली की तेलंगण. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, अशी आमची बोली. वडील गेले, शाळा सुटली, आणि गावातल्या एकानं सांगितलं की सोलापूरला चादरीचे कारखाने आहेत, मालक आपल्यासारखे तेलुगू बोलणारे पद्मशाली आहेत, भाषेची अडचण नाही. म्हणून आलो. पहिल्या दिवशी मालकांच्या आईनं, अम्मांनी, माझं नावगाव विचारायच्या आधी विचारलं, "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. मला रडू आलं होतं. ते घर अजून मला विचारतं, म्हणून मी टिकलो.

आता माझं काम सांगतो. चादरीवर मोर, वेलबुट्टी किंवा जाळी दिसते ती छापलेली नसते, विणलेली असते. ती विणायची तर मागावरच्या हजारो उभ्या धाग्यांपैकी कुठला उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे मागाला दर आडव्या धाग्याला सांगावं लागतं. हे सांगायचं काम पुठ्ठ्याच्या कार्डाचं. कार्डाला भोक असेल तिथला धागा वर येतो, नसेल तिथला खाली राहतो. कागदावर चौकटी आखून नक्षी काढलेली असते. तिची एकेक ओळ वाचायची आणि एकेक कार्ड भोकं पाडून तयार करायचं. मग सगळी कार्डं दोऱ्यानं ओवून त्याची माळ मागावर टांगायची. पाणचक्कीसारखी ती फिरत राहते.

भोकं पाडायचं आमचं यंत्र ओतीव लोखंडाचं होतं. पुढं बोटांनी दाबायच्या पट्ट्या, खाली पायानं दाबायचा पायटा. बाजाच्या पेटीसारखं दिसायचं म्हणून सगळे त्याला पेटीच म्हणत. मी वीसेक वर्षं पेटी वाजवली म्हणा की! फक्त सूर कापडात निघायचा. एक भोक चुकलं तर मोराच्या गळ्यात काळा ठिपका, आणि तो प्रत्येक चादरीवर. एकदा एका गिऱ्हाईकानं तो ठिपकाच पसंत केला. "ह्यो मोर जरा येगळा हाय, ह्येच द्या," म्हणाला. मी पटकन घडी घालून दिली. पण असं नशीब एकदाच. एरवी मी घरी जाऊनसुद्धा डोळे मिटून भोकं मोजायचो, कुठं चुकलं असेल का या भीतीनं.

मग कारखान्यात नवे माग आले. त्यांना कार्ड लागत नाही. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि पेनड्राइव्हमधून मागाला द्यायची. मालक, अंबादासशेठ, वाईट माणूस नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मल्लेश, पेटीचं काम संपलं बघ. कॉम्प्युटर शिकून घे, नाहीतर..." मी त्या दिवशी खोलीवर जाऊन गावी परतायच्या तयारीनं कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या. कॉम्प्युटरवर सगळं इंग्रजी. मला एबीसीडी येते, पण शब्द जोडला की मला घाम सुटतो.

उस्मानभाई तेव्हा इथल्या कॉलेजात कापडाचं शिक्षण घेत होते आणि प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडं यायचे. उंच, सावळे, सावकाश बोलणारे. सोलापुरात राहून इथली दखनी हिंदी त्यांना छान यायला लागली होती. मला कॉम्प्युटरपुढं नुसतं बसलेलं त्यांनी पाहिलं.

"क्या अण्णा, मशीन को देखरे की मशीन तुमको देखरी?"

"भाई, मला इंग्रजी येत नाही."

"डिझाईन आती ना? डिझाईन कू इंग्रजी नक्को. बैठो बाजू में."

रमजानचे दिवस होते. दिवसभर त्यांचा उपवास, घशाला कोरड पडलेली, तरी रोज संध्याकाळी कॉलेजातून येऊन ते माझ्या शेजारी बसायचे. स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणाला ते पेटीवरचं नाव द्यायचे. हे म्हणजे तुझा पायटा, हे म्हणजे पट्टी, हे म्हणजे कार्ड उलटं लावणं. इंग्रजी शब्द मला अजून वाचता येत नाहीत, पण कुठलं काय करतं ते येतं. बांग झाली की अम्मा खजूर आणि पाणी आणून ठेवायच्या, आणि मला ओरडायच्या, "अरे, त्याला खाऊ तरी दे, मग विचार की!" मला वाटतं, त्या महिन्यात मी त्यांचा जीव खाल्ला. एकदाही ते चिडले नाहीत. घड्या घातलेले कपडे मी पुन्हा दोरीवर टाकले.

नवे माग सुरू झाले आणि पेटी कोपऱ्यात गेली. भंगारवाला बघून गेला. त्याच दिवशी उस्मानभाई तिच्यावरची धूळ पुसत बसले होते. धुळीखाली लोखंडातच ओतलेली अक्षरं होती. मी रोज ती बघायचो, कधी वाचली नव्हती. त्यांनी वाचली: मँचेस्टर. आणि तिथंच उकिडवे बसून राहिले.

"काय झालं भाई?"

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. त्यांचा मुलूख दोन नाईल नद्यांच्या मधला. पूर्वी तिथं त्यांची मुसलमानी राज्यं होती. तिथले पुरुष हातमागावर दमूर नावाचं जाडंभरडं कापड विणायचे, बायका सूत काढायच्या. बाजारात नाण्याच्या जागीसुद्धा दमूर चालायचा, इतकी त्याला पत. मग इंग्रज आले, त्यांनी त्यातलं शेवटचं राज्य मोडलं. नदीवर धरण घातलं, कालवे काढले, आणि काळ्या रानात लांब धाग्याचा कापूस लावायला लावला. रान कुळाचं, राबणं कुळाचं, कापूस जायचा मँचेस्टरकडं. तिथून कापड होऊन परत यायचा, आणि ज्यांनी दमूर विणला त्यांची पोरं ते विकत घ्यायची. उस्मानभाईंचे पणजोबा विणकर होते. आजोबा कालव्यावर कापूस वेचायचे. घरातला माग चुलीत गेला.

"कपास हमारी उधर गई, उधर की मशीन इधर आई," ते पेटीवर हात ठेवून म्हणाले. "हमारे पास कुछ नहीं आया. नदी के किनारे को सब दिया, बाकी मुल्क को भूका रखा. एक को दूसरे के सर पे बिठाया. आज तक वैसाच है."

अंबादासशेठ ऐकत उभे होते. त्यांना राहवलं नाही. "किती दिवस इंग्रजांवर ढकलायचं ओ? जाऊन किती वर्षं झाली! आमच्या गिरण्या काय इंग्रजांनी बंद पाडल्या? आमच्याच लोकांनी पाडल्या."

"तुम्हारे पास बंद करने को गिरणी तो थी, शेठ," उस्मानभाई म्हणाले.

शेठ यावर हसले. उस्मानभाई हसले नाहीत.

मला आमची नदी आठवली. आमच्या आजोबांच्या तोंडी एक गोष्ट असायची. पलीकडचा काठ निजामाचा आणि अलीकडचा इंग्रजांचा. पूर्वी दोन्ही निजामाचे होते, इंग्रजांनी अलीकडचा काढून घेतला. कुणाला काही विचारलं नाही. एका घरातली माणसं दोन राज्यांत गेली, आणि जत्रेला जायला नावेनं नदी ओलांडायची तर शिपाई झडती घ्यायचा. मी हे सांगितल्यावर उस्मानभाईंनी माझा हात धरला. म्हणाले, "फिर तुम समझते अण्णा." मला फारसं समजत नव्हतं. पण हात सोडवून घ्यावा असं वाटलं नाही.

पेटी मला द्या, असं उस्मानभाई शेठना म्हणाले. शिक्षण संपत आलं होतं. गावी जाऊन माग टाकायचा, आणि पणजोबांचा दमूर पुन्हा विणायचा, त्याला नवी नक्षीदार किनार द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. शेठ तयार होते. अम्मा अडल्या.

"ज्या पेटीवर घर जेवलं ती विकायची नाही. भंगारात तर नाहीच नाही."

"अम्मा, ह्याला विकत नाही, देतोय."

"मग लेक देतात तशी दे. ओटी भरल्याशिवाय लेक पाठवतात का कुठं?"

आणि खरोखर पेटीची ओटी भरली. हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ. जुन्या मागाचा एक जकार्ड, म्हणजे कार्डांची माळ टांगतात तो वरचा सांगाडा, तोही शेजारी ठेवला. उस्मानभाई दारात उभे. त्यांना हसू येत होतं आणि अवघडही वाटत होतं.

"अम्मा, फिर मैं दामाद हुआ क्या?"

"जावई असशील तर दसऱ्याला येत जा की! नुसतं लेक घेऊन पळतोय."

एका टॉवेलवाल्याचा माल तिकडच्या बंदराला जात होता. त्याच्या कंटेनरात कोपरा मिळाला. मी पेटी पोत्यात बांधली. शिवाय किनारीची कार्डं भोकं पाडून, ओवून, गठ्ठे करून दिली. किनार उस्मानभाईंनी आणलेल्या जुन्या फोटोवरून मीच कागदावर उतरवली होती: छोटे त्रिकोण, मधून पाण्यासारखी रेघ. जाताना ते म्हणाले, माग चालू झाला की तुमचं नाव घेऊन पहिला धागा टाकतो.

मग सुरू झाले व्हिडिओ कॉल. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेच. सोलापुरात बसून सुदानमध्ये माग उभा केला आम्ही. ते मोबाइल मागाखाली धरायचे, मी इथून ओरडायचो, "भाई, डाव्या अंगाचा दोर ढिला हाय, तुमचा डावा नव्हं, माझा डावा!" त्यांची आई मागं खाटेवर बसलेली असायची. तिला आमचं काही कळायचं नाही, पण मी ओरडलो की ती हसायची. त्यांची बहीण आमना आणि तिच्या दोन मुली दोऱ्याचे गुंते सोडवत बसायच्या. उन्हानं कार्डं वाकडी व्हायला लागली. मी सांगितलं, आपल्याकडं उन्हाळ्यात करतात तसं मागाखाली ओलं पोतं टाका. तर मुलींनी पोत्यासकट माझ्या कार्डांवरही पाणी मारलं! गठ्ठा फुगला. उस्मानभाईंनी पेटीवर बसून तेवढी कार्डं स्वतः पुन्हा भोकं पाडून केली. त्यांची बोटं माझ्यापेक्षा हळू चालायची, पण भोक चुकलं नाही.

पहिलं कापड निघालं तेव्हा मी त्यांना आमची रीत सांगितली. आमच्या पद्मशाली कारखान्यांत नव्या मागाचं पहिलं कापड विकत नाहीत. देवाला देतात, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्याला. त्यांना रीत आवडली. कापड त्यांनी आईला दिलं. पांढरा दमूर, कडेला माझी किनार. आईनं ते अंगावर घेतलं नाही. घडी करून पेटाऱ्यात ठेवलं. म्हणाली, इतक्या वर्षांनी घरात विणलंय, वापरून मळवायचं कशाला?

तो माग जेमतेम चालायला लागला होता. आसपासच्या दोघातिघांनी कापड मागितलं होतं. मग त्यांच्या राजधानीत दोन सेनापतींची जुंपली.

सुरुवातीला उस्मानभाई म्हणायचे, लढाई आमच्याकडं येणार नाही, आमच्याकडं काय आहे? मी रोज मोबाइलवर बातम्या बघायचो. बातम्यांत त्या देशाचं नाव क्वचितच यायचं. एके दिवशी ते म्हणाले, "अण्णा, जिनको भूका रखा था वो मुल्क बंदूक लेके आया है. हम नदी वाले हैं ना. हमारा हिसाब पुराना है." चिडून नाही बोलले. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. शेठनी ते माझ्या मोबाइलवर ऐकलं. इंग्रजांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"त्याला म्हणावं हिकडं ये," अम्मा म्हणाल्या. "खोली आहे, काम आहे. आईला घेऊन ये."

मी पळापळ केली. कॉलेजात गेलो. तिथल्या बाईंनी चांगलं ऐकून घेतलं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. एका सरकारी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "तुमचा कोण लागतो तो?"

"गुरू लागतो."

साहेब शेजारच्याकडं बघून हसले. "शिक्षण किती तुमचं?"

"आठवी."

"आणि गुरू आफ्रिकेचा!"

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला नीट बोलता आलं असतं, इंग्रजीत अर्ज लिहिता आला असता, तर फरक पडला असता का, हे मला अजून माहीत नाही. शेठ नंतर एका वकिलाला घेऊन स्वतः जाऊन आले. त्यांनाही नकारच मिळाला. सुदानात आपल्याकडच्या व्हिसाचं काम जिथून व्हायचं ते ऑफिसच गोळीबारात बंद पडलेलं. म्हणजे आमचा शब्द खोटा ठरला. खोली होती, काम होतं, आणि माणूस आणायची वाट नव्हती.

मग त्यांच्या गावात बंदुकवाले शिरले. काही आठवडे फोन लागला नाही. नंतर तुकड्या-तुकड्यांनी आवाजातले निरोप यायला लागले. ते घर सोडून पूर्वेकडं चालत निघाले होते. आई, आमना, दोन्ही मुली. बंदुकवाल्यांनी माग फोडला होता, मोटर काढून नेली होती. पेटी जड, ती कुणाला उचलवली नाही, म्हणून तिचे पाय तोडले. कार्डांचे गठ्ठे मात्र बहिणीनं वाटेत सरपण म्हणून बरोबर घेतले. पुठ्ठा चांगला पेटतो. "तुम्हारे कार्ड पे रोटी बनी अण्णा," ते एका निरोपात म्हणाले. "बच्चियाँ खाईं." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचा इतका सरळ उपयोग दुसरा झाला नसेल.

त्यानंतरचा निरोप लांब होता. मी तो कारखान्याच्या मागच्या बोळात उभा राहून ऐकला. आईला चालवत नव्हतं. कालव्याच्या बांधावर, बाभळीखाली ती गेली. आसपास गाव नाही, कापड नाही. पेटाऱ्यातली तेवढी एक घडी तिनं घर सोडताना पोटाशी बांधून घेतली होती. विकत नाही, वापरत नाही म्हणून जपलेला तो पहिला दमूर. त्यातच तिला गुंडाळलं. पण कफन साधं लागतं, नक्षीचं चालत नाही. म्हणून उस्मानभाईंनी दातानं धागा तोडून किनार फाडून काढली. मी उतरवलेले त्रिकोण आणि ती पाण्याची रेघ.

मी विचार करत राहिलो. मँचेस्टरहून निघालेलं यंत्र सोलापुरात आलं, सोलापुरातून ओटी भरून तिकडं गेलं. शंभरेक वर्षांनी त्या घरात पुन्हा कापड विणलं गेलं. आणि त्यातलं कामी आलं ते फक्त साधं, ज्याला माझी गरज नव्हती ते. मी ती रीत सांगितली नसती तर आईनं ते कापड वापरलं असतं का, विकलं असतं का? मग तिला कशात ठेवलं असतं? कुणी शिकलेल्या माणसानं सांगावं.

अम्मांना मी सगळं सांगितलं नाही. आई गेली, एवढंच म्हणालो. त्यांनी सुतक पाळल्यासारखं त्या दिवशी घरात फोडणी घातली नाही. शेठनी विचारलं, "का गं, तुझी कोण होती ती?" अम्मा म्हणाल्या, "विहीण."

उस्मानभाईंचा शेवटचा निरोप अगदी छोटा आहे. "अण्णा, अब डिझाईन नक्को भेजना." कारण मधे मी वेड्यासारखा त्यांना नव्या किनारींचे फोटो पाठवत होतो. दुसरं काय पाठवावं ते मला सुचत नव्हतं. त्यानंतर मोबाइल बंद आहे. ते छावणीत आहेत, की सरहद्द ओलांडून कुठं गेले, की काय, कुणीच सांगत नाही. मी सकाळी कारखान्यात आल्यावर एकदा नंबर लावतो. पलीकडं एक बाई अरबीत काहीतरी बोलते, तेच तेच. तिचा आवाज आता मला ओळखीचा झालाय.

काम चालू आहे. परवाच एका हॉटेलवाल्याच्या टॉवेलाची किनार काढली. मालक खूश आहेत, पगार वेळेवर मिळतो, गावी पैसे जातात. या सगळ्याला मी उस्मानभाईंचं खातो असंच मनात म्हणतो. आणि ते मात्र काय खातात, खातात की नाही, हे मला ठाऊक नाही. ही गोष्ट चांगल्या वळणावर नेऊन सोडावी असं दिवाळी अंकात वाटतं खरं. माझ्याकडं ते वळण नाही.

मी आता पासपोर्टला अर्ज केलाय. शेठ म्हणाले, "कुठं जाणार आहेस तू, तुला गुलबर्ग्याची गाडी एकट्यानं पकडता येत नाही!" खरं आहे. तरी केलाय. उस्मानभाई, कुणी हे वाचून तुम्हाला सांगेल अशी आशा नाही, पण लिहून ठेवतो. तुमचं देणं माझ्यावर आहे आणि ते मी कधी ना कधी फेडणार. तुम्ही असाल तर तुमच्या हातात. तुम्ही नसाल तर आमनाच्या मुली जिथं वाढत असतील तिथं जाऊन त्यांच्या हातात. त्यांना शोधायला माझं उरलेलं आयुष्य गेलं तरी चालेल. फेडल्याशिवाय मी मरत नाही.